ढगाआडचा डोंगर
डोंगराळ भागात छोटी विमाने खराब हवामानात का सापडतात?

ठाणे, प्रतिनिधी – रविवार, २९ मे २०२२. नेपाळमधील पोखरा विमानतळावरून स्थानिक वेळेनुसार सकाळी ९ वाजून ५५ मिनिटांनी तारा एअर कंपनीच्या ट्विन ऑटर जातीच्या छोट्या विमानाने जोमसोमच्या दिशेने उड्डाण केले. प्रवास होता जेमतेम वीस मिनिटांचा. विमानात तीन कर्मचारी आणि १९ प्रवासी असे एकूण २२ जण होते. त्यांत चार भारतीय होते आणि ते चौघेही ठाण्यातील एकाच कुटुंबातील होते. उड्डाणानंतर काही मिनिटांतच विमानाचा संपर्क तुटला. खराब हवामानामुळे त्या दिवशी शोध अपुरा राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मुस्तांग जिल्ह्यातील थासांग परिसरात, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचौदा हजार फूट उंचीवरील एका कड्यावर विमानाचे अवशेष आढळले. कोणीही वाचले नाही.

या दुर्घटनेने ठाणे शहर हळहळले. पुढे वृत्तपत्रांतील मथळे ओसरले. पण मागे राहिलेला प्रश्न ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीतील अनेक घरांशी निगडित आहे. मुक्तिनाथ, केदारनाथ, एव्हरेस्टदर्शन अशा सहलींना येथून मोठ्या संख्येने पर्यटक व भाविक जातात. त्या सहलींचा एखादा टप्पा छोट्या विमानाने किंवा हेलिकॉप्टरने पार पडतो. अशी याने डोंगरांवर का आदळतात? यंत्र बिघडते म्हणून, की आणखी कशामुळे?

तारा एअरच्या अपघाताची चौकशी करणाऱ्या नेपाळ सरकारच्या आयोगाने २०२३ मध्ये अहवाल दिला. विमान नकळत ढगाळ, काहीही न दिसणाऱ्या हवामानात शिरले. तेथे वैमानिकांना योग्य मार्गावर लक्ष ठेवता आले नाही. आणि जमीन जवळ आल्याचा इशारा देणारी यंत्रणा त्या वेळी निष्क्रिय करून ठेवलेली होती, असा या अहवालाचा निष्कर्ष आहे. विमान अखेरपर्यंत उडत होते आणि वैमानिकांच्या ताब्यात होते. समोरचा डोंगर तेवढा त्यांना दिसला नाही. विमानशास्त्रात अशा अपघातांना 'सीफिट' म्हणतात. नियंत्रणात असलेले विमान जमिनीवर वा डोंगरावर आदळणे, असा त्याचा अर्थ.

डोळ्यांच्या भरवशावरील उड्डाण

विमान चालविण्याच्या दोन पद्धती आहेत. ऐन पावसाळ्यात मुंबईत उतरणारी मोठी विमाने नवी मुंबई-घाटकोपरच्या आकाशातून दाट ढग कापत येतात. धावपट्टी नजरेच्या टप्प्यात येईपर्यंत वैमानिकाला बाहेरचे काही दिसले नाही तरी चालते. विमानातील उपकरणे, जमिनीवरून मिळणारे संकेत आणि रडारवर बसलेला नियंत्रक या तिघांच्या आधारे तो खाली येतो. याला उपकरण नियमांनुसार उड्डाण किंवा 'आयएफआर' म्हणतात. यात प्रत्येक मार्गाची किमान सुरक्षित उंची आधीच मोजून ठरविलेली असते. ती पाळली तर ढगात डोंगर लपलेला असला तरी विमान त्याच्या वरूनच जाते.

दुसरी पद्धत दृश्य नियमांनुसार उड्डाणाची, म्हणजे 'व्हीएफआर'. यात वैमानिक खिडकीतून बाहेर बघून विमान चालवितो. नदी, खिंड, गाव, शिखर या त्याच्या खुणा. डोंगरापासून व दुसऱ्या विमानापासून दूर राहण्याची जबाबदारी त्याची स्वतःची. साहजिकच या पद्धतीची एक मूलभूत अट आहे: बाहेरचे दिसले पाहिजे. आंतरराष्ट्रीय मानकांनुसार दहा हजार फुटांखाली सर्वसाधारणपणे किमान पाच किलोमीटर आणि त्यावर किमान आठ किलोमीटर अंतरापर्यंतचे स्पष्ट दिसणे आवश्यक आहे. ढगांपासूनही आडवे दीड किलोमीटर आणि उभे सुमारे तीनशे मीटर अंतर राखावे लागते.

दृश्य नियमांनी निघालेले विमान ढगात वा धुक्यात शिरले की, ज्या पद्धतीने ते उडत होते तिचा आधारच नाहीसा होतो आणि दुसरी पद्धत त्या जागी हाताशी नसते. डोंगरांतील छोट्या विमानांच्या अपघातांचे मूळ बहुतेक वेळा या क्षणात सापडते.

माळशेज घाटात पावसाळी धुक्यात गाडी चालविलेल्या कल्याणकरांना याची थोडीफार कल्पना येईल. पुढची गाडी दिसेनाशी झाली की चालक वेग कमी करतो, दिवे लावतो, फारच झाले तर गाडी कडेला घेऊन थांबतो. विमानाला मात्र थांबण्याची सोय नाही. ते हवेत तरंगते तेच मुळी वेगामुळे. वेग ठरावीक मर्यादेखाली गेला तर पंखांची उचलून धरण्याची शक्ती संपते.

जोमसोमची वाट

पोखरा समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटरवर आहे, तर जोमसोम सुमारे २,७०० मीटरवर. या दोहोंच्या मधली वाट काली गंडकी नदीच्या खोऱ्यातून जाते. एका बाजूला ८,१६७ मीटर उंचीचा धवलगिरी, दुसऱ्या बाजूला ८,०९१ मीटरचा अन्नपूर्णा. जगातील अत्यंत खोल दऱ्यांत या दरीची गणना होते.

येथे ट्विन ऑटरसारखे विमान वापरण्याचे कारण उघड आहे. जोमसोमची धावपट्टी आखूड आहे आणि हे १९ आसनी विमान आखूड धावपट्टीवर सहज उतरते व उडते. परंतु त्याच्या केबिनमध्ये मोठ्या विमानांप्रमाणे हवेचा दाब कृत्रिमरीत्या राखला जात नाही. त्यामुळे प्रवाशांना प्राणवायू पुरविल्याशिवाय फार उंचावरून नेता येत नाही, आणि आठ हजार मीटरच्या शिखरांवरून सुरक्षित अंतर राखून जाणे तर त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. म्हणजे त्याला शिखरांच्या मधूनच जावे लागते. जोमसोमला उपकरणांच्या साह्याने उतरण्याचीही सोय नाही, आणि दऱ्याखोऱ्यांत डोंगर आड येत असल्याने रडारचा उपयोग मर्यादित राहतो. पर्याय उरतो तो डोळ्यांचाच.

हवामानही वेळ पाहून बदलते. दिवस वर आला की काली गंडकीच्या खोऱ्यात दक्षिणेकडून जोरदार वारे सुटतात. म्हणून जोमसोमची उड्डाणे सकाळच्या काही तासांतच उरकावी लागतात. मे महिन्याच्या अखेरीस, मान्सून तोंडावर असताना, सकाळीही ढग खोऱ्यात शिरू लागतात. पोखऱ्याला ऊन, जोमसोमला ऊन आणि मधल्या खिंडीत मात्र ढगांची भिंत, असे चित्र अनेकदा असते. दोन्ही टोकांचे हवामान चांगले असल्याचा निरोप मिळाला म्हणून वाटेतले हवामान चांगले असेलच असे नाही.

सेकंदांचा हिशेब

वैमानिक ढग दिसताच मागे का फिरत नाहीत, हा सामान्य वाचकाला पडणारा प्रश्न. त्याचे उत्तर काही अंशी शाळेत शिकलेल्या भौतिकशास्त्रात आहे.

ताशी २७० किलोमीटर वेगाने जाणारे विमान एका सेकंदात ७५ मीटर अंतर कापते. आठ किलोमीटरपर्यंतचे दिसत असेल तर समोरच्या अडथळ्यापर्यंत पोहोचण्यास सुमारे पावणेदोन मिनिटे मिळतात. दृश्यमानता दीड किलोमीटरवर आली की उरतात २० सेकंद. तेवढ्यात धोका ओळखायचा, निर्णय घ्यायचा आणि विमान वळवायचे.

वळायलाही जागा लागते. याच वेगाने, विमान ३० अंशांत कलते करून अर्धवर्तुळ घेतले तर त्या वळणाचा व्यास सुमारे दोन किलोमीटर येतो. वेग ताशी २२० किलोमीटर असेल तर तो सुमारे एक किलोमीटर तीनशे मीटरवर येतो. उंचावर हवा विरळ असल्याने विमानाला तरंगत राहण्यासाठी अधिक प्रत्यक्ष वेग ठेवावा लागतो. म्हणजे दरी जसजशी वर जात अरुंद होते, तसतशी वळण्यासाठी लागणारी जागा मात्र वाढत जाते. म्हणूनच डोंगरी उड्डाणाचे शिक्षण देताना दरीच्या मधोमध उडू नये, एका कडेने उडावे, म्हणजे वळण्यासाठी दरीची पूर्ण रुंदी हाताशी राहते, असे शिकविले जाते. वळण अधिक तीव्र करून जागा वाचविण्याचा प्रयत्न केला तर पंखांवरील भार वाढतो आणि विमान कोसळण्याचा धोका असतो.

थोडक्यात, ढग अगदी समोर आल्यावर मागे फिरण्याचा निर्णय अनेकदा उशिराचा ठरतो. तो आधी, पुरेसे दिसत असतानाच घ्यावा लागतो. आणि नेमके त्याच वेळी तो घेण्याची निकड वाटत नसते.

कान देतो ती साक्ष खोटी

ढगात शिरल्यावर दुसरे संकट उभे राहते ते वैमानिकाच्या स्वतःच्या शरीरात. आपल्या अंतर्कर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोके फिरले की त्यांतील द्रव मागे रेंगाळतो आणि आपण वळत आहोत हे मेंदूला कळते. परंतु वळण एकसारखे चालू राहिले तर दहा-वीस सेकंदांत तो द्रवही नलिकेबरोबर फिरू लागतो आणि वळण्याची जाणीव नाहीशी होते. विमान कललेले असते. वैमानिकाला मात्र ते सरळ असल्यासारखे वाटते. जमिनीवर किंवा स्वच्छ हवेत डोळे ही चूक दुरुस्त करतात, कारण क्षितिज दिसत असते. ढगात क्षितिज नसते.

अशा वेळी विमान सरळ केले तर ते उलट बाजूला कलले आहे असा भास होतो आणि वैमानिक पुन्हा पूर्वीच्या कलाकडे वळतो. कललेले विमान हळूहळू नाक खाली घालते, वेग वाढतो. वैमानिक विमान वर खेचू पाहतो. पण ते कललेलेच असल्याने वळण अधिकच घट्ट होते. विमान भोवऱ्यासारखे फिरत खाली येते.

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९५४ मध्ये यासंबंधी एक प्रयोग झाला. उपकरणांवर विमान चालविण्याचे शिक्षण नसलेल्या २० जणांना बाहेरचे काही दिसणार नाही अशा स्थितीत विमान हाताळण्यास दिले गेले. विसांपैकी एकालाही नियंत्रण टिकविता आले नाही. नियंत्रण सुटण्यास लागलेला सरासरी वेळ होता १७८ सेकंद, म्हणजे तीन मिनिटांहूनही थोडा कमी. जगभर वैमानिकांना हा आकडा आजही सांगितला जातो.

अनुभवी वैमानिकही याला अपवाद नाहीत. प्रख्यात बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट यांचे हेलिकॉप्टर २६ जानेवारी २०२० रोजी लॉस एंजेलिसजवळ कॅलाबासास येथील टेकडीवर कोसळून नऊ जण मृत्युमुखी पडले. आपण ढगांच्या वर जाण्यासाठी चार हजार फुटांपर्यंत चढत आहोत, असे वैमानिकाने नियंत्रकाला कळविले होते. प्रत्यक्षात शेवटच्या क्षणांत हेलिकॉप्टर डावीकडे वळत वेगाने खाली येत होते. दृश्य नियमांनी निघालेले उड्डाण ढगात पुढे चालू ठेवण्याचा निर्णय आणि त्यातून झालेला दिशाभ्रम, हे अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने अपघाताचे कारण ठरविले. हेलिकॉप्टर सुस्थितीत होते आणि उपकरणांवर चालविण्याजोगेही होते. चालक कंपनीला परवानगी मात्र केवळ दृश्य उड्डाणांचीच होती.

'आणखी थोडे पुढे जाऊन पाहू'

याच चौकशीत मंडळाने आणखी एका गोष्टीवर बोट ठेवले. ठरविलेली योजना, परिस्थिती बदलल्यावरही, पुढे रेटत राहण्याच्या मानवी प्रवृत्तीवर. मुक्काम जवळ आला की ही प्रवृत्ती बळावते. इंग्रजीभाषक वैमानिकांनी तिला थट्टेने रोगाचे नावही दिले आहे: 'गेट-देअर-आयटिस', म्हणजे पोहोचायचेच असा ध्यास घेण्याचा आजार. ढगात दडलेल्या डोंगरालाही त्यांनी ढगांच्या शास्त्रीय नावांच्या चालीवर 'क्युम्युलो-ग्रॅनाइटस', म्हणजे पाषाणाचा ढग, असे नाव ठेवले आहे.

ही प्रवृत्ती आळस वा बेफिकिरी यांतून येतेच असे नाही. तासाभरापूर्वी दुसरे विमान याच वाटेने गेलेले असते. खाली विमानतळावर पुढच्या फेरीचे प्रवासी ताटकळत असतात. परत फिरलो तर आजच्या दिवसात पुन्हा संधी मिळणार नाही, हे ठाऊक असते. आणि यापूर्वी अनेकदा ढगाच्या पातळ पडद्यातून पार होऊन पलीकडे स्वच्छ हवा मिळालेली असते. प्रत्येक वेळी निभावल्याने धोका पत्करणे ही नित्याची बाब होऊन जाते.

२४ फेब्रुवारी २०१६ रोजी तारा एअरच्याच एका ट्विन ऑटर विमानाला याच पोखरा-जोमसोम मार्गावर अपघात झाला होता. म्याग्दी जिल्ह्यातील डोंगरावर ते आदळले आणि २३ जण मरण पावले. विमान जुने नव्हते. ट्विन ऑटरच्या नव्या पिढीतील होते. प्रतिकूल हवामान असूनही दृश्य उड्डाणात ढगांत शिरण्याचा वारंवार घेतलेला निर्णय, नेहमीच्या मार्गापासून भरकटणे आणि दिशाभ्रम, अशी कारणे चौकशी अहवालात नमूद आहेत. जमीन जवळ आल्याचा इशारा त्या विमानात वाजला होता, तरीही विमान संथ गतीने चढत पुढे जात राहिले. डाव्या बाजूचे काहीच दिसत नसल्याचे सहवैमानिकाने सांगितले होते. परत फिरण्याचा निर्णय मात्र झाला नाही.

याच मार्गावर, याच कंपनीच्या, याच जातीच्या विमानाला सहा वर्षांनी झालेल्या अपघाताचे कारणही जवळपास तेच निघाले.

इशारा मुका का होतो?

जमिनीचा इशारा देणाऱ्या यंत्रणेला 'टॉज' म्हणतात. विमानाचे उपग्रहाधारित स्थान आणि भूप्रदेशाचा साठविलेला नकाशा यांची ती सतत तुलना करते आणि पुढे डोंगर असेल तर मोठ्याने सावध करते. मोठ्या विमानांचे डोंगरावर आदळण्याचे प्रमाण जगभर कमी होण्यात या यंत्रणेचा मोठा वाटा आहे. मग २०२२ च्या विमानात ती निष्क्रिय का ठेवली गेली?

याचेही उत्तर दृश्य उड्डाणाच्या स्वरूपात आहे. दरीतून, दोन्ही बाजूंच्या कड्यांच्या जवळून जाणाऱ्या विमानात ही यंत्रणा स्वच्छ हवामानातही वारंवार ओरडत राहते. वैमानिकाला डोंगर समोर दिसत असतो, त्यामुळे त्याला तो इशारा निरुपयोगी व त्रासदायक वाटतो. म्हणून ती दाबून ठेवण्याची सोय दिलेली असते. हवामान चांगले असेपर्यंत त्याने काही बिघडत नाही. परंतु ढगात शिरताच जिची सर्वाधिक गरज, तीच यंत्रणा गप्प असते.

चौकशी अहवालाने आणखी एक मुद्दा मांडला. मान्सूनमधील व तशा हवामानातील उड्डाणाचा वैमानिकांना असलेला अनुभव अपुरा होता, आणि कॉकपिटमधील वरिष्ठ व कनिष्ठ यांच्यात मोठी दरी होती. पद, वय, अनुभव यांत फार अंतर असले की कनिष्ठ वैमानिक 'दिसत नाही' एवढेच सांगतो. 'आता मागे फिरू या' असे ठामपणे म्हणत नाही. आपल्याकडील कार्यालयांत आणि घरांतही वडीलधाऱ्यांपुढे हेच घडते. फरक इतकाच की तेथे चूक सुधारण्यास दुसरा दिवस मिळतो.

सह्याद्रीतील आठवणी

असे अपघात हिमालयातच होतात असे नाही. १२ जुलै १९४९ रोजी दिल्लीहून मुंबईकडे येणारे केएलएम कंपनीचे कॉन्स्टेलेशन विमान भर पावसात घाटकोपरच्या टेकडीवर आदळले आणि त्यातील सर्व ४५ जण मृत्युमुखी पडले. त्यांत १३ अमेरिकी पत्रकार होते. ४ ऑगस्ट १९७९ रोजी पुण्याहून मुंबईला येणारे इंडियन एअरलाइन्सचे एचएस-७४८ विमान खराब हवामानात पनवेलजवळच्या डोंगरावर आदळले. त्यातही ४५ जणांचा बळी गेला. माळशेज घाटापलीकडे जुन्नरच्या डोंगरात जुलै १९६२ मध्ये अलिटालियाचे डीसी-८ विमान रात्रीच्या वेळी कोसळून ९४ जण ठार झाले होते.

या तीन अपघातांतील विमाने मोठी होती आणि प्रत्येकाचे कारण वेगळे होते. तरी समोरचा डोंगर दिसत नसताना त्याच्या उंचीखाली येणे हा धागा तिन्हींत समान आहे. आज मुंबईत उतरणाऱ्या विमानांच्या मदतीला रडार आहे, ठरलेला उतरणमार्ग आहे, जमिनीचा इशारा देणारी यंत्रणा आहे. मुंबईभोवतीचे डोंगर पूर्वी होते तेथेच आहेत. दिसत नसतानाही त्यांच्यापासून दूर राहण्याची व्यवस्था तेवढी उभी राहिली. हिमालयातील छोट्या विमानांना व हेलिकॉप्टरना ही व्यवस्था अद्याप पुरती लाभलेली नाही.

केदारनाथची वाट

केदारनाथच्या हेलिकॉप्टर सेवेचे स्वरूप जोमसोमच्या विमानसेवेपेक्षा फारसे निराळे नाही. तेथेही अरुंद दरी, झपाट्याने बदलणारे ढग, डोळ्यांच्या भरवशावरील उड्डाण आणि खाली वाट पाहणाऱ्या भाविकांची गर्दी. १८ ऑक्टोबर २०२२ रोजी केदारनाथजवळ गरुडचट्टी येथे हेलिकॉप्टर कोसळून वैमानिकासह सात जण मरण पावले. १५ जून २०२५ रोजी पहाटे केदारनाथहून गुप्तकाशीकडे येणारे बेल ४०७ जातीचे हेलिकॉप्टर गौरीकुंडाजवळच्या जंगलात कोसळले आणि सातही जणांचा अंत झाला. त्यांत यवतमाळ जिल्ह्यातील एका कुटुंबातील तिघे होते. एक तर तान्हे मूल होते.

दरीच्या तोंडाशी दाट ढग असताना व दृश्यमानता कमी असताना उड्डाण करण्यात आले आणि हेलिकॉप्टर नियंत्रणात असतानाच डोंगरावर आदळले असावे, असा प्राथमिक अंदाज सरकारने त्या वेळी व्यक्त केला. त्यानंतर सेवा काही काळ थांबविण्यात आली. त्याच सुमारास खराब हवामानात उड्डाण केल्याबद्दल दुसऱ्या एका कंपनीच्या दोन वैमानिकांचे परवाने सहा महिन्यांसाठी निलंबित करण्यात आले.

नेपाळमधील आणखी एक घटना येथे आठवते. २५ सप्टेंबर २०११ रोजी एव्हरेस्टदर्शन घडवून काठमांडूला परतणारे बुद्ध एअरचे विमान मान्सूनच्या ढगांत कोटडांडा येथील टेकडीवर आदळले. त्यात १९ जण मरण पावले आणि त्यांतील दहा भारतीय होते. कोणाला देवदर्शन, कोणाला शिखरदर्शन. हेतू वेगवेगळे, पण अपघाताची रीत एकच.

उपाय कोणते?

तारा एअरच्या २०२२ च्या अपघातानंतर दोनच दिवसांत नेपाळच्या नागरी उड्डयन प्राधिकरणाने नियम कडक केले. केवळ निघण्याच्या व पोहोचण्याच्या ठिकाणचे नव्हे, तर संपूर्ण मार्गावरील हवामान अनुकूल असल्याचा अंदाज हाती आल्याशिवाय दृश्य उड्डाणास परवानगी द्यायची नाही, असे ठरविण्यात आले. नियम योग्यच आहे. मात्र मधल्या खिंडीतील हवामान कळण्यासाठी तेथे ते पाहणारी यंत्रणा हवी.

या बाबतीत अमेरिकेतील अलास्काचे उदाहरण बोलके आहे. तेथेही डोंगर, छोटी विमाने आणि लहरी हवामान. तेथील उड्डयन प्रशासनाने खिंडींत व दुर्गम धावपट्ट्यांवर कॅमेरे बसविले आहेत. त्यांची संख्या दोनशेच्या वर आहे. वैमानिक निघण्यापूर्वी संगणकावर त्या खिंडीचे ताजे छायाचित्र स्वच्छ दिवसाच्या छायाचित्राशेजारी ठेवून पाहतो. ओळखीचे शिखर दिसत नसेल तर निघायचेच नाही. हवेत गेल्यावर मोह आवरण्यापेक्षा जमिनीवर असतानाच निर्णय घेणे सोपे असते.

याखेरीज छोट्या विमानांच्या वैमानिकांना ढगात सापडल्यास बाहेर कसे पडावे याचा नियमित सराव, इशारा यंत्रणा दाबून ठेवण्यावर कठोर मर्यादा, आणि परत फिरलेल्या वैमानिकाला कंपनीकडून जाब विचारला जाणार नाही याची हमी, या गोष्टी आवश्यक आहेत. यांतील शेवटची सर्वांत स्वस्त आहे आणि पाळण्यास बहुधा सर्वांत अवघड.

प्रवाशाचाही वाटा

वैमानिकावर येणाऱ्या दबावाचा एक भाग प्रवाशांकडून येतो, हे कटू असले तरी खरे आहे. सात दिवसांच्या सहलीत प्रत्येक दिवस बांधलेला असतो. परतीचे विमान ठरलेले, रजा संपत आलेली, पैसे आधीच भरलेले. अशा वेळी 'हवामान खराब, उड्डाण रद्द' ही सूचना ऐकताच काउंटरवर वाद सुरू होतो. तो वाद कॉकपिटपर्यंत पोहोचतोच.

डोंगराळ भागातील हवाई प्रवास आखताना ठाणे, कल्याण, डोंबिवलीतील कुटुंबांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात:

* सहलीत किमान एक दिवस मोकळा ठेवावा. हवामान बिघडल्यास वाट पाहण्याची सवड असली पाहिजे.

* आरक्षण करतानाच उड्डाण रद्द झाल्यास पैसे परत मिळतील काय आणि रस्त्याने नेण्याची पर्यायी व्यवस्था आहे काय, हे सहल कंपनीकडून लेखी घ्यावे. पोखरा ते जोमसोम जीपने जाता येते. प्रवास खडतर व दिवसभराचा असतो, पण वाट आहे.

* शक्यतो सकाळच्या पहिल्या उड्डाणांत जागा घ्यावी. उशीर होत गेल्यास वारा व ढग वाढण्याची शक्यता असते.

* मान्सूनचे महिने आणि त्याच्या अलीकडचे-पलीकडचे आठवडे टाळता आल्यास टाळावेत.

* उड्डाण रद्द झाले किंवा विमान अर्ध्या वाटेवरून परत आले, तर कर्मचाऱ्यांशी हुज्जत घालू नये. आधीचे विमान गेले मग आपले का नाही, हा प्रश्न गैरलागू आहे. दहा मिनिटांत खिंड बंद होऊ शकते.

* घरातील ज्येष्ठांना हेलिकॉप्टरने दर्शन घडविण्याचा आग्रह धरताना, दर्शन न होता परतण्याची मनाची तयारीही आधीच करून ठेवावी.

हिमालयातील दुर्गम गावांसाठी छोटी विमाने ही चैन नाही. रुग्ण, औषधे, धान्य यांची ने-आण त्यांच्यावर अवलंबून असते आणि त्यांतील बहुसंख्य उड्डाणे सुखरूप पार पडतात. तेव्हा या विमानांना घाबरून प्रवासच नको, असा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. परंतु डोळ्यांवर चालणारे विमान दिसेनासे झाल्यावर पुढे न्यायचे नसते, हा नियम सोपा आहे आणि तो मोडण्याची किंमत ठाण्यातील एका कुटुंबाने पूर्णपणे मोजली आहे. ज्या दिवशी वैमानिक मागे फिरतो, त्या दिवशी प्रवाशांची सहल बुडते, कंपनीचे नुकसान होते आणि वर्तमानपत्रात काहीच छापून येत नाही. सुरक्षित उड्डाण म्हणतात ते पुष्कळदा हेच असते.